निळा पडलेला पाइप आणि सकाळची पहिली किक

नवी मोटारसायकल घरी येऊन जेमतेम महिना लोटलेला असतो, तिच्या अंगावर अद्याप एक ओरखडाही उमटलेला नसतो, आणि एखाद्या रविवारी ती पुसावयास बसलेल्या मालकाच्या ध्यानात येते की इंजिनापासून निघून खाली वळणारा जो चकचकीत बेंड पाइप, तो तोंडालगत निळा, त्याच्या पुढे जांभळट आणि आणखी वीतभर पुढे फिकट सोनेरी झाला आहे. फडक्याने कितीही घासले तरी तो रंग हटत नाही. मग चौकशी सुरू होते. शेजारी सांगतो की सकाळी गाडी पुरेशी तापवली जात नाही म्हणून असे झाले. कचेरीतला स्नेही सांगतो की ती फार वेळ तापवली जाते म्हणून असे झाले. आणि गॅरेजातील मिस्त्री कार्ब्युरेटरकडे बोट दाखवून पेट्रोल कमी सुटत असल्याचा निर्वाळा देतो. तिघांचेही म्हणणे काही अंशी खरे असू शकते, आणि त्यामुळेच विचारणाऱ्याचा गोंधळ अधिक वाढतो.

या प्रकरणात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पाइपाला रंग चढला म्हणजे इंजिनात बिघाड झाला असे समजावे काय, हा पहिला. आणि थंड इंजिन सुरू केल्यावर ते जागच्या जागी किती वेळ चालू ठेवावे, हा दुसरा. वरकरणी हे प्रश्न स्वतंत्र दिसतात. परंतु पाइपावरची निळाई अनेकदा हमरस्त्यावर धावताना न चढता दाराशी उभ्या असलेल्या गाडीवरच चढते, ही गोष्ट लक्षात घेतली की दोहोंचा संबंध उघड होतो.

१. उष्णतेचा जमाखर्च

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल उष्णता मोकळी होते. समजा, एखादी मोटारसायकल ताशी ५० किलोमीटर वेगाने धावते आहे आणि लिटरमागे ५० किलोमीटर जाते. म्हणजे तासाला, अर्थात ३,६०० सेकंदांत, ती एक लिटर पेट्रोल जाळते. भागाकार केला तर दर सेकंदाला जवळजवळ ९,००० ज्यूल उष्णता निर्माण होत असल्याचे दिसेल. यांपैकी ढोबळमानाने चौथा हिस्सा चाक फिरवण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,००० ज्यूल, जळलेल्या वायूंबरोबर बाहेर पडतो. आणि उरलेला सिलिंडरवरील फिन आणि आतील ऑइल यांच्यावाटे भोवतालच्या हवेच्या स्वाधीन होतो.

जोर लावून चालणाऱ्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तपमान ६०० ते ८०० अंश सेल्सिअस असते. त्यांचा पहिला आघात होतो तो बेंड पाइपावर, आणि त्यातही वळणाच्या बाहेरच्या अंगावर, कारण सरळ येणारा झोत तेथेच आपटून दिशा बदलतो. तरीही पाइपाचा पत्रा इतका तापत नाही, कारण आतून जेवढी उष्णता त्याला मिळते तेवढी बाहेरून वाहणारी हवा हिरावून नेत असते. पाइपाचे तपमान म्हणजे या दोन व्यवहारांतील शिल्लक होय. गाडी धावत असली की आवक मोठी, पण जावकही मोठी. गाडी उभी असून इंजिन संथ फिरत असले की आवक लहान, पण जावक त्याहूनही रोडावलेली. खरा अनर्थ होतो तो तिसऱ्या परिस्थितीत, जेव्हा गाडी उभी असते आणि चालक चोक ओढून किंवा ॲक्सिलरेटर पिळून ती रेस करीत राहतो. अशा वेळी आवक वाढते आणि वारा मात्र नसतो. दहा मिनिटांचा असा एक प्रसंग नव्या पाइपाला कायमचा निळा करावयास पुरेसा होतो.

यात आणखी एक बारकावा आहे. संथ फिरणाऱ्या इंजिनात ठिणगी तुलनेने उशिरा पडते आणि पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणात मागील जळलेला वायू बराच मिसळलेला असल्यामुळे ज्वलनही सावकाश होते. सबब जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी मोठा वाटा पिस्टनला ढकलण्याऐवजी तसाच पाइपात उतरतो.

२. रंग कोठून येतो

पाइपावर कोणी रंग लावलेला नसतो आणि आतल्या काजळीचा तर या रंगाशी काहीच संबंध नसतो. तापलेल्या धातूच्या पृष्ठभागाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर ऑक्साइडचा एक पारदर्शक पापुद्रा तयार होतो. तपमान जितके जास्त आणि तापण्याची मुदत जितकी लांब, तितका हा पापुद्रा जाड होतो. जाड म्हटले तरी त्याची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असते. एवढ्या पातळ आणि मुळात बिनरंगी पापुद्र्यातून निळे-जांभळे रंग कसे निघतात, हे समजण्यासाठी प्रकाशाच्या स्वभावाकडे पाहावे लागते.

प्रकाश हा लहरींच्या रूपाने प्रवास करतो, आणि पांढऱ्या दिसणाऱ्या उन्हात निळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्व रंगांच्या लहरी एकत्र असतात. त्यांपैकी निळ्याची लहर सर्वांत आखूड आणि तांबड्याची सर्वांत लांब. असा प्रकाश पाइपावर पडला की त्याचा काही भाग पापुद्र्याच्या वरच्या अंगावरूनच परत फिरतो, तर काही भाग पापुद्रा ओलांडून खालच्या धातूपर्यंत जातो आणि तेथून परततो. दोन्ही परतलेल्या लहरी आपल्या डोळ्यांत एकत्र येतात, परंतु दुसरीने थोडा अधिक रस्ता चाललेला असल्यामुळे ती पहिलीच्या मागे पडलेली असते. झोपाळ्याला दोन बाजूंनी दोघे जण झोके देत असतील आणि दोघांचा ताल जुळला असेल तर झोका उंच जातो, पण एकाचा धक्का नेमका दुसऱ्याच्या विरोधात पडू लागला तर झोपाळा मंदावून थांबतो. या दोन लहरींचेही तसेच घडते. ज्या रंगाच्या लहरी एकमेकींना मारक होतात तो रंग परतलेल्या प्रकाशातून गळून पडतो, आणि उरलेल्या रंगांचे मिश्रण आपल्याला दिसते.

आता क्रम सहज उलगडतो. पापुद्रा अगदी पातळ असताना सर्वांत आखूड लहर, म्हणजे निळी, प्रथम बाद होते. पांढऱ्यातून निळा वजा झाला की सोनेरी पिवळा उरतो. पापुद्रा वाढला की हिरव्याची पाळी येते, आणि हिरवा वजा झाल्यावर जांभळा दिसतो. आणखी वाढला की पिवळा आणि तांबडा नाहीसे होऊन निळा मागे राहतो. पावसाळ्यात ओल्या डांबरी सडकेवर सांडलेल्या तेलात जे रंग दिसतात, साबणाच्या फुग्यावर जे फिरतात, आणि गॅसवर कोरडे तापलेल्या स्टीलच्या पातेल्याच्या बुडाशी जे उमटतात, ते सारे याच नियमाचे आविष्कार होत.

शास्त्रज्ञांचे लक्ष या घटनेकडे फार पूर्वी गेलेले होते. रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकाने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांबरोबरच तापवलेल्या पोलादावरील रंगांचीही चर्चा केली आहे, न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये पातळ थरांच्या रंगांची मोजमापे घेतली, तथापि लहरींच्या एकमेकींवरील परिणामाने त्यांचा समाधानकारक उलगडा केला तो थॉमस यंग याने, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी.

३. रंगावरून तपमान ओळखणे

ज्या गोष्टीचे कारण शास्त्रज्ञांना पुष्कळ उशिरा सापडले, तिचा उपयोग मात्र लोहार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. छिन्नी किंवा पटाशी घडवून झाली की लोहार ती लाल करून पाण्यात बुडवतो. त्यामुळे पोलाद अतिशय कठीण होते, पण ठिसूळही होते. तो ठिसूळपणा घालवण्यासाठी तो तिचे टोक दगडावर घासून उजळ करतो आणि पुन्हा हळूहळू तापू देतो. उजळलेल्या भागावर पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग सरकू लागतात, आणि हवा तो रंग धारेपर्यंत येताच तो हत्यार झटकन पाण्यात घालतो. ज्या धारेला कठीणपणा हवा तिच्यासाठी सोनेरी रंगावर थांबावयाचे, आणि ज्या कमानीला लवचिकपणा हवा तिच्यासाठी निळ्यापर्यंत जावयाचे, असा हा संकेत आहे. तापमापक हाती नसताना केवळ डोळ्याने वीस-तीस अंशांचा फरक ओळखणारी ही विद्या आहे, आणि तिच्याविषयी मला अतिशय आदर वाटतो. जुन्या घड्याळांचे निळे काटे आणि निळे स्क्रू याच रीतीने तयार होत.

साध्या पोलादावर फिकट पिवळा रंग २२० ते २३० अंशांच्या सुमारास येतो, तपकिरी २६० जवळ, जांभळा २८० जवळ, आणि गडद निळा ३०० च्या आसपास. त्यापुढे निळा फिका होत होत राखाडी बनतो. गंज न चढणाऱ्या पोलादावर, ज्याला बाजारात नुसते स्टील म्हणतात, हाच क्रम पुष्कळ वरच्या तपमानास घडतो, कारण त्यातील क्रोमियम ऑक्सिजनला आत शिरू देत नाही. तेथे फिकट पिवळा २९० च्या सुमारास, जांभळट तपकिरी ४२० जवळ, निळा ५४० जवळ आणि गडद निळा ६०० जवळ दिसतो. म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या गाड्यांवर सारखीच निळाई असली तरी एकाचा पाइप साध्या पोलादाचा आणि दुसऱ्याचा स्टीलचा असेल तर त्यांच्या तपमानात दोन-अडीचशे अंशांची तफावत असू शकते. पाइप कशाचा आहे याची खातरजमा केल्याशिवाय रंगावरून निदान करणे व्यर्थ होय.

मुलाम्याच्या पाइपांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत पोलादावर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा थर असतो, आणि हा वरचा थर सहसा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ असतो. त्याच्यावरही तापल्यावर प्रथम सोनेरी आणि मग निळी झाक येते. काही उत्पादक म्हणूनच बेंड पाइप दुहेरी भिंतीचा करतात. आतली नळी तापते, मधली पोकळी उष्णता अडवते आणि बाहेरची नळी वर्षानुवर्षे चांदीसारखी राहते. अशा पाइपावर रंग नाही म्हणून त्या गाडीचे इंजिन अधिक निरोगी आहे, असा निष्कर्ष काढू नये.

या साऱ्यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पाइप निवाला तरी पापुद्रा तसाच राहतो; म्हणून रंग आजचे तपमान दाखवीत नाही, तर आजवर गाठलेल्या सर्वोच्च तपमानाची आणि त्याच्या मुदतीची ती नोंद असते. ती नोंद शोरूमच्या अंगणात गाडी तासभर चालू ठेवल्याची असू शकेल किंवा कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढल्याची असू शकेल. नुसत्या रंगाला भिण्याचे कारण नाही.

४. चिंता केव्हा करावी

मात्र काही परिस्थितींत या नोंदीची गंभीर दखल घ्यावी लागते. वर्षभर सोनेरी राहिलेला पाइप कोणताही नवा प्रवास वा नवी सवय नसताना पंधरवड्यात निळा झाला, किंवा दोन सिलिंडरांच्या गाडीचा एक पाइप सोनेरी आणि दुसरा गडद निळा दिसू लागला, तर इंजिनाच्या आत काही बदलले आहे असे समजावे. अंधारात पाहिले असता पाइप मंद लाल दिसत असेल तर त्याने ५२५ अंशांच्या आसपासची मर्यादा ओलांडली आहे, कारण कोणताही घन पदार्थ साधारणतः याच तपमानापासून डोळ्याला दिसेल असा प्रकाश फेकू लागतो. नेहमीच्या संथ चालीवर असे दिसले तर गाडी तत्काळ मिस्त्रीकडे न्यावी.

पहिला संशय घ्यावयाचा तो मिश्रणाचा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण किती मोठे आहे ते पाहा: लिटरभर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम, त्यास लागणारी हवा १०.९ किलो, आणि हवेच्या घनमीटरचे वजन सव्वा किलोच्या आत असल्यामुळे ती हवा भरते जवळपास ९ घनमीटर, म्हणजे एक लहानशी खोली. वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनांत पूर्वापार पेट्रोल या हिशेबाहून किंचित अधिक सोडले जाई, कारण ते जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेते. जेटमध्ये कचरा अडकून पेट्रोल घटले, किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील रबराला तडा जाऊन तेथून चोरट्या मार्गाने जादा हवा शिरली, की हे संरक्षण जाते आणि बाहेर पडणारे वायू अधिक तप्त होतात. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचे फेरे चटकन खाली न येणे, ही त्याची खूण. सायलेन्सर किंवा एअर फिल्टर बदलून अधिक मोकळा बसवला आणि जेट मात्र जुनाच ठेवला, तरी हाच परिणाम होतो. हौशी तरुणांच्या गाड्यांत निळाईचे हे कारण पुष्कळदा सापडते.

दुसरा संशय ठिणगीच्या वेळेचा. ठिणगी उशिरा पडली तर जळण्याचे काम व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालूच राहते आणि ज्वाळा पाइपात येते. जुन्या बुलेटमध्ये, जिची जुळणी १९५५ पासून मद्रासेस होऊ लागली, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या सी.बी. पॉइंटची टाच झिजत गेली की पॉइंटमधील फट कमी होते आणि ठिणगी आपोआप मागे सरकते. मालकाला फक्त गाडी सुस्त झाल्यासारखी वाटते. पाइप मात्र निळा पडू लागतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आल्यापासून ही तक्रार बव्हंशी संपुष्टात आली.

तिसरा संशय पाइप इंजिनाला जेथे जोडलेला असतो तेथील पॅकिंगचा. ते फुटले की दाबाच्या चढउताराबरोबर बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते, न जळलेले पेट्रोल पाइपातच पेटते, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच फटफट आवाज येऊ लागतात. पॅकिंग स्वस्त असते आणि बदलणे सोपे असते. म्हणून मिस्त्रीने कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी या सांध्याची पाहणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

५. थंड इंजिनाच्या अडचणी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. निफाडसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली उतरतो, आणि अशा पहाटे द्राक्षाच्या बागेकडे निघालेला शेतकरी किकवर किक मारीत राहतो, तेव्हा इंजिनाच्या तीन अडचणी एकत्र आलेल्या असतात.

पहिली पेट्रोलची. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ व्हावी लागते. थंड धातूवर बरेचसे पेट्रोल थेंबांच्या रूपाने चिकटून राहते, म्हणून वाफ पुरेशी मिळावी यासाठी मुळातच जास्त पेट्रोल द्यावे लागते. चोक हवा अडवून हीच तजवीज करतो. परंतु इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागल्यावरही चोक ओढलेलाच ठेवला, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन काढते आणि खाली झिरपून सारे ऑइल पातळ करते. प्लगही काळा पडतो.

दुसरी ऑइलची. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल तळाशी उतरलेले असते आणि थंडीने घट्ट झालेले असते. डब्यावरील १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० या आकड्यांत पहिला आकडा थंडीतील वागणूक आणि दुसरा १०० अंशांवरील वागणूक दाखवतो. पहिला जितका लहान तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. इंजिन सुरू होताच पंप काही सेकंदांत ऑइल वरपर्यंत पोचवतो. या काही सेकंदांत ॲक्सिलरेटर पिळणे म्हणजे धातूवर धातू घासणे होय.

तिसरी अडचण प्रसरणाची, आणि ती सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि जुन्या इंजिनांत सिलिंडर बिडाचा, किंवा निदान आतील लायनर तरी लोखंडी असतो; उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगते. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन घ्या. दर अंशाला दहा लाखांत २३ भाग या दराने, १५० अंश तापल्यावर त्याचा व्यास सुमारे ०.१७ मिलिमीटरने वाढेल. सिलिंडर त्याच वेळात १०० अंश तापला, तर दहा लाखांत ११ भाग या दराने त्याचा बोअर सुमारे ०.०५५ मिलिमीटरने वाढेल. हा फरक सामावून घेण्यासाठीच पिस्टन मुळात किंचित लहान ठेवतात. परंतु थंड इंजिन एकदम जोराने पळवले तर पिस्टन झपाट्याने तापतो, आणि भोवतालचा जड सिलिंडर मात्र वाऱ्याच्या झोतात तीस-चाळीस अंशच वाढलेला असतो. मग फट संपते आणि पिस्टन भिंतीला धरतो. म्हणून दोघांना बरोबरीने तापू देणे हाच गाडी तापवण्याचा खरा हेतू आहे.

६. किती वेळ तापवावे

तर मग पाच-दहा मिनिटे उभ्यानेच चालू ठेवावी काय? तसे करू नये. संथ चालीवर इंजिन फार थोडे पेट्रोल जाळते, त्यामुळे ते अतिशय सावकाश तापते आणि वर सांगितलेली थंड अवस्था विनाकारण लांबते. शिवाय पाण्याचा प्रश्न आहे. एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. थंड इंजिनात त्याची वाफ सायलेन्सरात जमते, म्हणून हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून थेंब ठिबकताना दिसतात. त्यांपैकी काही पाणी पिस्टनवरील रिंगांच्या फटीतून ऑइलमध्येही उतरते. गाडी चांगली दहा-पंधरा मिनिटे धावली आणि ऑइल पुरते तापले की हे पाणी उडून जाते. रोज दोन मिनिटे चालू करून बंद केलेल्या गाडीत ते साठत राहते, ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय धरते आणि सायलेन्सर आतून कुजतो. आठवडाभर बाहेर न काढलेली गाडी ‘बॅटरी राहावी म्हणून’ दोन मिनिटे चालू करणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

माझ्या मते योग्य रीत अशी. चोक ओढून, ॲक्सिलरेटरला हात न लावता गाडी सुरू करावी; अर्ध्या मिनिटापासून एक मिनिटापर्यंत, फार कडाक्याच्या थंडीत थोडे अधिक, ती संथ फिरू द्यावी; हेल्मेट आणि हातमोजे चढवण्यास तेवढाच वेळ लागतो. इंजिन ॲक्सिलरेटर स्वीकारू लागताच चोक परत करावा आणि निघावे. पुढील तीन-चार किलोमीटर फेरे मध्यम ठेवावेत, ॲक्सिलरेटर निम्म्याहून अधिक पिळू नये, आणि घाट किंवा मागे जड ओझे असेल तर हे पथ्य अधिकच पाळावे. वारा वाहत असल्यामुळे पाइप निळा पडत नाही, आणि इंजिनावर हलका भार असल्यामुळे ते उभ्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर तापते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा या प्रदूषणविषयक नियमांनंतर आलेल्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने सोडले जाते आणि चोक राहिलेला नाही. इंजिनाचे तपमान मोजून यंत्रणा स्वतःच पेट्रोलचे प्रमाण ठरवते. पण ऑइल आणि पिस्टन यांचे नियम बदललेले नाहीत. या गाड्यांच्या सायलेन्सरात विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आणि तो साधारण २५० ते ३०० अंशांवर गेल्याखेरीज काम करीत नाही. उभ्या गाडीत तो उशिरा तापतो. म्हणजे दारात धडधडणारी गाडी आपल्याच घरच्यांना अधिक विषारी हवा पुरवीत असते.

येथे एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. बंद गॅरेजात, वाड्याच्या बोळात किंवा इमारतीच्या तळघरातील वाहनतळावर गाडी कधीही तापवत ठेवू नये. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड विशेष असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके जड होऊन माणूस बसतो आणि त्याला उठण्याची शुद्ध राहत नाही. दार उघडून गाडी प्रथम बाहेर ढकलावी, मगच सुरू करावी.

७. डाग घालवावा की राहू द्यावा

निदान करून झाले, दोष असल्यास दूर झाला, आता त्या रंगाचे काय करावे? स्टीलच्या पाइपावरचा सोनेरी-जांभळा पट्टा मला स्वतःला देखणा वाटतो आणि तो घासून काढण्याची गरज मला दिसत नाही. ज्यांना तो खटकतो त्यांनी पाइप पूर्ण थंड असताना धातूच्या मऊ पॉलिशने पापुद्रा उतरवावा; त्यानंतर रंग पुन्हा किती दिवसांत आणि कोठपर्यंत चढतो ते पाहावे, कारण दुरुस्ती लागू पडली की नाही हे कळण्याचा तो उत्तम उपाय आहे. मुलाम्याच्या पाइपावर मात्र हात आवरता ठेवावा. क्रोमियमचा थर इतका पातळ असतो की वारंवार घासल्याने तो निघून पिवळसर निकेल उघडे पडते, आणि मग पुन्हा मुलामा चढवण्यावाचून गत्यंतर नसते. काही जण निळाई झाकण्यासाठी पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळतात; पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि तिच्या आड साधे पोलाद गंजून जाते.

कोकणात आणि गोव्यात, जेथे हवेतच खारेपणा असतो, तेथे स्टीलच्या पाइपावरही गडद निळे आणि राखाडी भाग प्रथम तांबेरतात, कारण जाड पापुद्रा बनताना त्याच्या लगतच्या धातूतील क्रोमियम खर्ची पडलेले असते. तेथील मालकांनी हे भाग महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत. आणि नवा पाइप कोठेही बसवला तरी पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी तो स्पिरिटच्या फडक्याने नीट पुसून घ्यावा. बसवणाऱ्याच्या तेलकट बोटांचे ठसे पहिल्याच तापण्यात धातूवर भाजून तपकिरी होतात, आणि पुढे ते सहजासहजी निघत नाहीत.